मोबाईलवरचे कौतुक अंगी लागते का?

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमचे एक छोटे टेबल असते. रक्तदाब मोजायचा, साखर तपासायची, पाय सुजलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, पाणी पाजायचे. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेच्या डब्यात दाटीवाटीने आलेली माणसे चैत्यभूमीच्या रांगेत पुन्हा तासन् तास उभी राहतात. चक्कर येणारे दिवसभरात बरेच येतात आणि कारण बहुतेक वेळा एकच निघते. पोटात काही नसते.

मागच्या खेपेला एका मुलीला तिच्या आईने धरून आणले. वय एकोणीस, अंगावर पांढरा ड्रेस, गळ्यात निळा दुपट्टा. रक्तदाब बराच खाली होता. "बाळा, काय खाल्लंस?" म्हणून विचारले तर ती गप्प. आईच म्हणाली, "काल संध्याकाळपासून काही घेत नाही हो. नुसता फोन बघतीय."

लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पाजले, शेजारच्या भोजनदानाच्या मंडपातून पुरीभाजी आणून दिली, तेव्हा हळूहळू खरे काय ते कळले. आदल्या संध्याकाळी रांगेत उभी असताना तिने स्वतःचा फोटो टाकला होता. हातात नवे घेतलेले पुस्तक, मागे दिव्यांनी उजळलेला स्तूप, खाली चार ओळी. तिच्याच गल्लीतल्या मैत्रिणीनेही तसाच फोटो टाकला. मैत्रिणीला दोनशेच्या वर बदाम आले, हिला अकरा. हिने फोटो काढून टाकला, चेहरा उजळ करून परत टाकला, परत काढला. रात्र अशी गेली. आईने जाता जाता आम्हाला विचारले, "हा कुठला आजार म्हणायचा?"

तेव्हा आम्ही तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. रांग मोठी होती. ते उत्तर या पानावर देतो आहोत, कारण तशा आया आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत, आणि खरे सांगायचे तर तसे बापही आहेत, फक्त ते फोटो स्वतःचे टाकतात.

पहिली गोष्ट. स्वतःचे कौतुक स्वतः करणे हा आजार नाही. ते मोबाईलने आणलेलेही नाही. शिवाजी पार्कच्या कडेने एक फेरी मारली तरी हे दिसते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध एक मोठा चेहरा, भोवती 'शुभेच्छुक' म्हणून वीस छोटे चेहरे, आणि अनेकदा फ्लेक्सचे पैसे मधल्याच चेहऱ्याने दिलेले. याच मैदानाशेजारी मनसेच्या तेव्हाच्या नगरसेवकांनी 'सेल्फी पॉइंट' उभा केला होता. तरुण पोरे तिथे गर्दी करत. फेब्रुवारी २०१७ च्या महापालिका निवडणुकीत मनसे तिथे हरली, सेल्फी पॉइंट बंद करत असल्याचे जाहीर झाले, आणि तो आता कोणी चालवायचा यावरून शिवसेना आणि भाजप यांच्यात जुंपली. पाणी, कचरा, शाळा यांवरून एवढ्या तातडीने भांडण झाल्याचे आम्हाला आठवत नाही. माणसाला स्वतःचा फोटो किती प्रिय आहे हे पक्षांना डॉक्टरांच्या आधी कळले होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्या समाजाला 'स्वतःची टिमकी वाजवू नका' असा उपदेश करताना कोणीही दोनदा विचार करावा. पिढ्यान् पिढ्या आपल्याला चांगले कपडे घालायची, मान वर करून चालायची, मुलाला चांगले नाव ठेवायचीसुद्धा मोकळीक नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना वेगळे बोलावून नेसण्याबद्दल, दागिन्यांबद्दल, स्वच्छतेबद्दल सांगितले. तुमच्या पोशाखावरून तुम्हाला कोणी अस्पृश्य म्हणून ओळखता कामा नये, हा त्याचा अर्थ होता. आपण कसे दिसतो ही बाब त्यांनी क्षुल्लक मानली नाही.

फोनचेही तसेच आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा खून झाला. तो नर्सिंगचे शिक्षण घेत होता. २०१७ च्या सप्टेंबरअखेर गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली. उत्तरादाखल कितीतरी तरुणांनी आपल्या व्हॉट्सॲपच्या डीपीला मिशीचे चित्र लावले, त्यावर मुकुट, खाली 'मिस्टर दलित'. ते स्वतःचे कौतुकच होते. त्या कौतुकाने कोणाची झोप उडाली असेल तर ती लावणाऱ्यांची नव्हे.

म्हणून वस्तीतली पोरगी नर्सिंगला लागली, पोराने एमपीएससी काढली, रिक्षावाल्या बापाने कर्ज फेडून स्वतःची रिक्षा केली, तर त्यांनी फोटो जरूर टाकावा. खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहावे. आम्ही त्यावर बोट दाबणाऱ्यांपैकी आहोत.

मग त्या मुलीचे काय झाले? तिचा फोटोही अभिमानाचाच होता. बिघडले ते फोटो टाकल्यानंतर.

आपल्याबद्दल बोलताना मेंदूत काय होते हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१२ साली पाहिले. माणसाच्या रोजच्या बोलण्यातले तीस ते चाळीस टक्के बोलणे स्वतःबद्दल, स्वतःच्या अनुभवांबद्दल असते, असे आधीच्या पाहण्यांतून दिसले होते. यांनी लोकांना यंत्रात झोपवून मेंदूची चित्रे घेतली. स्वतःविषयी सांगताना मेंदूतला जो भाग उजळला, तोच भाग भूक लागल्यावर अन्न मिळाले किंवा हातात पैसे आले की उजळतो. एवढेच नव्हे, दुसऱ्याबद्दलच्या प्रश्नाला जास्त पैसे आणि स्वतःबद्दलच्या प्रश्नाला कमी, असे ठेवले तरी लोक थोडे पैसे सोडून स्वतःबद्दल सांगायला तयार झाले. म्हणजे स्वतःबद्दल सांगण्याची ओढ ही भुकेसारखीच आहे. तिची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

पण भूक आणि चटक यांत फरक असतो. घरी आजीला जाऊन सांगितले की "आजी, पास झाले", आजी तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडते, आणि विषय संपतो. पोट भरते. मोबाईलवर पोट भरल्याची खूण मिळतच नाही, कारण तिथे हात फिरत नाही, आकडा फिरतो. फेसबुकने लाईकचे बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आणले. त्यानंतर प्रत्येकाच्या आनंदाखाली एक आकडा आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तो आकडा आपल्या गल्लीत पोचला. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर चोवीस तासांत पुसले जाणारे स्टेटस आले, आणि ते कोणी पाहिले त्यांची यादीही. आता काकीने पाहिले आणि काही बोलली नाही, हेही कळते. पूर्वी काकी काय मनात धरून आहे हे कळायला लग्नकार्य लागायचे.

शिवाय हा आकडा येतो तोही बेभरवशाने. कधी लगेच पन्नास, कधी दोन तास काहीच नाही. मटक्याचा आकडा लागेल म्हणून जशी माणसे वाट बघत, तसा हा प्रकार आहे. गिरणगावात ज्यांनी मटका पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. रोज ठरलेली रक्कम मिळाली असती तर कोणाला व्यसन लागले नसते. कधी मिळते, कधी मिळत नाही, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जातो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना फोटो दाखवले, त्यांत त्यांचे स्वतःचेही होते. प्रत्येक फोटोखाली लाईकचा आकडा होता आणि तो संशोधकांनीच मनाने टाकलेला होता. तोच फोटो अर्ध्या मुलांना भरपूर लाईकसह दाखवला, अर्ध्यांना थोड्या. ज्याला भरपूर दिसले त्याला तो फोटो आवडला, ज्याला थोडे दिसले त्याला तितका आवडला नाही. फोटो एकच! स्वतःच्या फोटोला भरपूर लाईक दिसले की मेंदूतला तोच बक्षिसाचा भाग जोरात उजळत होता. त्या फोटोंत सिगारेट-दारूचेही फोटो होते, आणि आकडा मोठा असेल तर तेही मुलांना आवडत होते.

आता त्या एकोणीस वर्षांच्या मुलीकडे या. पुस्तक तेच होते, स्तूप तोच होता, चेहरा तिचाच होता. अकरा या आकड्याने तिला तिचाच फोटो नावडता करून टाकला. आम्ही आजार म्हणतो तो इथे सुरू होतो. आपली किंमत मोजायचे माप दुसऱ्याच्या हातात गेले, आणि त्या दुसऱ्याला तर पत्ताही नाही की त्याच्या हातात माप आहे. तो बिचारा लोकलमध्ये उभ्याने अंगठा सरकवत होता.

यात एक गंमत आहे, ती स्वतःचे कौतुक टाकणाऱ्याला सहसा कळत नाही. २०१५ मध्ये तीन संशोधकांनी दाखवले की, बढाई मारणाऱ्याला वाटते ऐकणारा आपल्यासाठी खूश होईल, त्याला आपला अभिमान वाटेल. प्रत्यक्षात ऐकणारा तेवढा खूश होत नाही, उलट वैतागतो. आपण भरल्या मनाने सांगतो आणि समोरच्याचे मनही तसेच भरलेले असेल असे धरून चालतो. दोघांच्या मनात तेव्हा वेगवेगळे हवामान असते.

मग काही जण नम्रतेचा रस्ता धरतात. "मी तर साधा कार्यकर्ता, तरी समाजाने हा सन्मान दिला." "एवढ्या पुरस्कारांना ठेवायला घरात जागा नाही, काय करावे?" "सततच्या कार्यक्रमांनी थकलो, पण समाज सोडत नाही." यावरही संशोधन झाले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे निघाले की तक्रारीच्या किंवा नम्रतेच्या वेष्टनात गुंडाळलेली बढाई लोकांना सरळ बढाईपेक्षाही कमी आवडते, कारण तीत खोटेपणा जाणवतो. आमच्या कार्यकर्ते मित्रांनी हे वाचून रागावू नये. आमच्यातल्या एकानेही असे एक प्रमाणपत्र गेल्या वर्षी स्टेटसला ठेवले होते. पुरस्काराची नोंदणी फी, फेटा आणि शाल धरून त्याला अठराशे रुपये पडले. घरी बायकोने विचारले, "त्यात सिलेंडर किती आले असते?" तेव्हापासून ते प्रमाणपत्र कपाटाच्या वर आहे.

जयंतीच्या दिवशी रुग्णालयात फळवाटपाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एक केळे, त्याला लागलेले सात हात, सात चेहरे कॅमेऱ्याकडे, आणि खाटेवरचा माणूस छताकडे बघतोय. आरोग्याचे पान चालवतो म्हणून हे सांगणे आमचे काम आहे. त्या खाटेवरच्या माणसाला काय झाले आहे हे त्याच्या नातेवाइकांनाही कदाचित माहीत नसते. टीबीच्या वॉर्डातला फोटो गावाकडे फिरला की त्याच्या मुलीचे लग्न अडते, त्याची नोकरी जाते. केळी जरूर वाटा. मधुमेहाच्या रुग्णाला विचारून वाटा. फोटोत रुग्ण नको. केळ्यांच्या टोपलीसोबत काढा ना, टोपलीला कसली लाज.

कौतुकाची दुसरी बाजू बघणाऱ्याची असते, आणि तब्येत जास्त तिचीच बिघडते. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी वस्तीतले प्रत्येक स्टेटस गुणपत्रिकेचे असते. ८९, ९१, ८६. बापाचे नाव, पेढ्याचा बॉक्स. ज्या पोराला ५२ टक्के पडलेत त्याच्या घरात त्या दुपारी कोणी काही बोलत नाही. त्याने ५२ कसे मिळवले हे कोणाला दिसत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, पहाटे पाण्याची लाईन, संध्याकाळी वडापावच्या गाडीवर काम. ५२ टक्क्यांचे स्टेटस कोणी ठेवत नाही म्हणून त्याला वाटते, सगळ्या जगाला ९० पडलेत, आपणच तेवढे राहिलो. हा मोबाईलचा सगळ्यात मोठा डोळ्यांचा धोका आहे. लोक आपल्या आयुष्यातले निवडक चार क्षण दाखवतात, आणि आपण आपला आख्खा दिवस त्याच्या शेजारी ठेवून बघतो. स्टेटसला ठेवलेला फ्रिज हप्त्यावर असतो, पण हप्त्याचे पुस्तक कोणी स्टेटसला ठेवत नाही. (गुणपत्रिका टाकणाऱ्यांना जाता जाता एक सांगतो, आसन क्रमांक आणि आईचे नाव झाकून टाका. त्या दोन गोष्टींवर कोणीही तुमच्या मुलाचा निकाल उघडू शकतो.)

मुलींच्या बाबतीत हे अंगावर उतरते. फोनमधला फिल्टर विचारल्याशिवाय रंग उजळवतो, नाक बारीक करतो. रोज तो चेहरा बघून मग आरशातला चेहरा बघितला की आरसाच चुकीचा वाटतो. २०२० मध्ये गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमला आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द काढावा लागला, तोवर फिल्टरने ते काम हाती घेतलेले होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. कंपनीनेच केलेल्या पाहणीत, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत होते, त्यांतल्या ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते असे सांगितले होते. ज्या मुलीने चैत्यभूमीचा फोटो उजळ करून पुन्हा टाकला, ती बाबासाहेबांचे पुस्तक हातात घेऊन स्वतःचा रंग पुसत होती. आम्हाला सगळ्यात जास्त ते लागले.

जिवावर बेतण्याचे प्रकारही होतात. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना एक मुलगी समुद्रात पडून गेली, आणि तिला वाचवायला उडी मारणारा माणूसही गेला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी सेल्फीसाठी धोक्याच्या डझनाहून जास्त जागा ठरवल्या. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यात कुंभे धबधब्यावर रील करताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली. दादरच्या चौपाटीवरही भरतीच्या वेळी दगडांवर चढलेली पोरे आम्ही दरवर्षी खाली उतरवतो. या बातम्या येतात म्हणून त्या कळतात. झोप मोडण्याची बातमी येत नाही.

आणि दवाखान्यात आम्हाला जास्त दिसते ते झोपेचेच. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते, १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास. अकराला फोटो टाकला की बाराला आकडा बघायचा, एकला बघायचा, तीनला पाणी प्यायला उठले की बघायचा. सकाळी डोके जड, मान आखडलेली, चहाने पित्त, दुपारी चिडचिड. रक्तदाब असलेल्यांचा रक्तदाब गोळी घेऊनही उतरत नाही. आम्ही आता रक्तदाबाच्या पेशंटला मिठाबद्दल विचारतो तसे फोन रात्री कुठे ठेवता हेही विचारतो. उशीखाली, असे उत्तर दहातले आठ जण तरी देतात.

आपल्या घरात रोज म्हटल्या जाणाऱ्या महामंगलसुत्तात लोकधर्मांच्या स्पर्शाने न हलणाऱ्या चित्ताला उत्तम मंगल म्हटले आहे. लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि प्रशंसा, सुख आणि दुःख, असे ते आठ लोकधर्म. निंदेने हलू नये हे सगळ्यांना पटते. प्रशंसेलाही त्याच यादीत बसवले आहे, हे म्हणताना आपल्या लक्षात येत नाही. आणि 'मान' म्हणजे अहंकाराचे धम्मात तीन प्रकार सांगतात. मी इतरांहून श्रेष्ठ, मी इतरांइतकाच, मी इतरांहून हीन. तिसरा प्रकार वाचून आम्हीही थांबलो होतो. स्वतःला कमी लेखणे म्हणजे नम्रता असे आपण समजतो, पण तिथेही मापपट्टी तीच आहे. दोनशेवाली आणि अकरावाली, दोघी एकाच फुटपट्टीवर उभ्या होत्या.

आता करायचे काय? फोन फोडा, नाव काढून टाका, असे आम्ही सांगणार नाही. आमचेही स्टेटस असते. काही गोष्टी करून बघितल्या आणि त्यांचा गुण आला, तेवढ्या सांगतो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत 'रीड रिसीट' बंद करता येते. ते बंद केले की आपले स्टेटस कोणी पाहिले याची यादी आपल्याला दिसत नाही. काकीने पाहिले का, हा प्रश्नच मिटतो. इन्स्टाग्रामवर मे २०२१ पासून लाईकचा आकडा लपवायची सोय आहे, स्वतःच्या फोटोवरचा आणि दुसऱ्यांच्याही. मुलांकडून करून घ्या, त्यांना येते. दोन मिनिटांचे काम आहे. आमच्यातल्या एका ताईंनी हे करून आता चार महिने झाले. त्या म्हणतात, पहिला आठवडा खाज सुटल्यासारखे झाले, मग विसरून गेले.

आनंदाची बातमी आधी तोंडाने सांगा. तीन माणसांना तरी, समोर जाऊन किंवा फोन लावून. मग टाका. तोंडाने सांगितलेले अंगी लागते आणि मग आकडा कमी आला तरी पोट रिकामे नसते. टाकताना नुसते 'मी केले' न लिहिता कसे केले तेही लिहा. फॉर्म कुठे मिळाला, क्लासला पैसे नव्हते तेव्हा अभ्यास कुठे केला, कोणत्या शिष्यवृत्तीने हात दिला. तुमच्या कौतुकातून गल्लीतल्या दुसऱ्या पोराला रस्ता दिसला तर त्याला हेवा करायला वेळ उरत नाही.

रात्री फोन उशीपासून लांब, शक्यतो भांड्यांच्या फळीवर. गजर लावायला शंभर-दीडशे रुपयांचे घड्याळ मिळते. मुलांचा फोन हिसकावून घेऊ नका, सगळ्यांचेच एका फळीवर ठेवा, बापाचाही. बापाचा फोन हातात आणि मुलाचा फळीवर, हे दोन दिवससुद्धा चालत नाही, आम्ही पाहिले आहे.

घरात कौतुक करायची आपल्याकडे सवय कमी आहे, हे कबूल करायला हवे. कामावरून थकून आलेला माणूस चुकले तेवढे बोलतो, जमले ते गृहीत धरतो. बाहेरच्या दोनशे अनोळखी अंगठ्यांची भूक पुष्कळदा घरातल्या एका वाक्याच्या उपासातून आलेली असते. त्या मुलीच्या आईला आम्ही विचारले होते, फोटो कसा वाटला? ती म्हणाली, "मला कुठं दाखवला तिनं." मुलगी म्हणाली, "तू कुठं बघतेस." मग दोघींनी टेबलाशी बसून पुसलेल्या फोटोंतला पहिला, न उजळलेला, शोधून काढला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यात आपल्या आजीसारखी दिसतीस." मुलगी त्यावर काही बोलली नाही. पुरीभाजी मात्र संपवली.

एका विहारातल्या महिला मंडळाने दहावीच्या निकालाच्या दिवशी फळ्यावर वस्तीतल्या परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुलांची नावे लिहिली. टक्के कोणाचेच लिहिले नाहीत. जी नापास झाली त्यांच्या नावापुढे पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख लिहिली आणि खाली कोण शिकवणार त्याचे नाव. फळ्याचा फोटो मंडळाने स्टेटसला ठेवला. त्या वर्षी नापास झालेली तिन्ही मुले त्या फोटोत आहेत, हसत उभी.

काही वेळा मात्र घरच्या उपायांनी भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहणे, झोप किंवा भूक गेलेली असणे, आवडीच्या कामातही लक्ष न लागणे, घराबाहेर पडायचे टाळणे, 'मी नसलो तर बरे' असे बोलणे, यांतले काही दिसले तर 'नाटकं करतो' म्हणून सोडू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येते. नाव सांगायची सक्ती नाही. समोर बसून बोलायचे असेल तर परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा. मानसोपचाराचा केस पेपर काढला म्हणजे वेड लागले असे नव्हे. स्वतःला इजा करण्याची भाषा कोणी करत असेल तर त्याला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

येत्या ६ डिसेंबरलाही शिवाजी पार्कवर आमचे टेबल असेल. रक्तदाब आणि साखर मोफत तपासू. सकाळी काहीतरी खाऊन या. फोन चार्ज करायची सोय आमच्याकडे नाही, गेल्या वर्षी त्यासाठीच निम्मी रांग लागली होती.